गॅस इंजिन क्र. २ : टॉप ओव्हरहॉल आणि स्क्रबरच्या नोंदी

१२ सप्टेंबर

इंजिन दोनचा अवर मीटर आज सकाळी २९,६४०. मॅन्युअलप्रमाणे ३०,००० तासांना टॉप ओव्हरहॉल, म्हणजे हेड उतरवून व्हॉल्व्ह, सीट, गाइड, गॅस्केट सगळं बघायचं. साहेबांचं म्हणणं, इंजिन चाललंय ना, मग सीझन झाल्यावर मार्चमध्ये करू. मी नको म्हटलं. नोव्हेंबरात साखर कारखाना सुरू झाला की ताजी मळी येणार, डिस्टिलरी पूर्ण क्षमतेने चालणार, स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, वाढणार आणि ते कुजवणारी टाकी, आपला डायजेस्टर, भरभरून गॅस देणार. त्या वेळी इंजिन उघडलं तर तो गॅस फ्लेअरवर, म्हणजे जादा गॅस जाळायच्या चिमणीवर, जाळत बसावं लागेल.

हिशेब कागदावर मांडून दिला. आपल्या गॅसमध्ये मिथेन ६० टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. एका घनमीटरमध्ये साधारण ६ युनिटची उष्णता. इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर हातात सव्वादोन ते अडीच युनिट वीज. एक मेगावॉटचं इंजिन तासाला सव्वाचारशे-साडेचारशे घनमीटर गॅस खातं. थोडा गॅस बॉयलरला देता येतो, पण तिथे बगॅस (उसाचा चोथा) आधीच पुरून उरतो. कागद बघून साहेब म्हणाले, "दिवाळीच्या आत उरकणार का?" उरकणार म्हटलं.

लक्षणंही आहेत. क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) दाब हळूहळू वर चाललाय. तेलाचा खप वाढलाय. सात नंबर सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान शेजाऱ्यांपेक्षा ३०-४० अंशांनी कमी. आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं क्लिअरन्स प्रत्येक तपासणीत कमी झालेलं सापडतं. नवख्या पोरांना वाटतं की झिजलं की फट वाढते. इथे उलटं आहे. व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत जातो, त्याची दांडी वर येते आणि फट खाल्ली जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तापलेला गॅस कडेने सुटतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

१५ सप्टेंबर

तेलाचा लॅब रिपोर्ट आला. ७०० तासांचं सॅम्पल. टीबीएन ६.२ वरून १.९. टॅन, म्हणजे तेलातल्या आम्लाचा आकडा, त्याच्या वर निघून गेलाय. तांबं २४ पीपीएम (दहा लाखांत २४ भाग), शिसंही वाढलेलं. आपण १००० तासांना तेल बदलतो, म्हणजे शेवटचे निदान तीनशे तास इंजिन आम्लात फिरतंय.

टीबीएन म्हणजे तेलाने घरून बांधून आणलेली शिदोरी. गॅसमधलं गंधक जळून आम्ल होतं, ते मारण्यात ही शिदोरी खर्च होते. संपली की आम्ल थेट बेअरिंगवर. इंजिन एकचा रिपोर्टही जवळपास असाच आहे. हे महत्त्वाचं. दोन इंजिनं, दोघांचे तास वेगळे, ऑपरेटर वेगळे, तरी आजार एकच. मग आजार इंजिनात नाही, गॅसमध्ये आहे.

खरेदी विभागाने तेल पुरवठादाराला फोन लावला. त्याचा सल्ला : जास्त टीबीएनचं तेल घ्या. ऐकायला सरळ वाटतं. पण जास्त टीबीएन म्हणजे तेलात धातूंची ॲडिटिव्ह जास्त, आणि ती जळली की राख जास्त. ही राख पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर साचते. पिस्टनवरचा थर तापून लाल झाला तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं, व्हॉल्व्हवरचा थर तुकड्याने निघाला तर तिथून गळती. गॅस इंजिनाला कमी राखेचं तेल देतात ते उगाच नाही. मी लेखी नकार दिला. आधी गॅस बघू.

१८ सप्टेंबर

स्क्रबरवर दिवस गेला.

डायजेस्टरमधून निघणाऱ्या गॅसमध्ये एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, गंधकाचा विषारी गॅस) टक्क्यांत असतो, डिस्टिलरीच्या गॅसमध्ये दोन-तीन टक्के सहज. इंजिनाला तो काहीशे पीपीएमच्या खाली लागतो. मधलं काम आपला बायोलॉजिकल स्क्रबर करतो : प्लास्टिकच्या रिंगांनी भरलेला उंच टॉवर, वरून पाणी, रिंगांवर गंधक खाणारे जिवाणू, आणि त्यांच्यासाठी ब्लोअरने मोजून सोडलेली हवा.

कंट्रोल रूमच्या पडद्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या गॅसचा आकडा ९० पीपीएम. महिनोन्‌महिने ९०, ८५, ९५. एवढा शहाणा आकडा बघून मला शंका आली. हातपंप आणि डिटेक्टर ट्यूब घेऊन सॅम्पल पॉइंटवर गेलो. ट्यूबचा रंग ४५० च्या वर चढला. दुसरी ट्यूब लावली, तेच. ॲनालायझरचा सेन्सर मेला होता आणि मेलेला सेन्सर छान आकडा दाखवत होता.

मग टॉवर. वरच्या-खालच्या दाबातला फरक नेहमीच्या दुप्पट. ड्रेनमधून पिवळसर गढूळ पाणी, हातात घेतलं तर चिकट गाळ. हे निव्वळ गंधक. जिवाणूंना पुरेशी हवा मिळाली तर ते एचटूएसचं सल्फेट करतात, ते पाण्याबरोबर वाहून जातं. हवा कमी पडली की काम अर्ध्यावर थांबतं, गंधक तयार होऊन रिंगांवर बसतं, टॉवर तुंबतो, आणि न धुतलेला गॅस पुढे जातो.

हवा का कमी? ब्लोअरचा सक्शन फिल्टर काढला. बगॅसच्या भुशाने गच्च, नमदा झालेला. उन्हाळ्यात बगॅसचं यार्ड हलवून या बाजूला आणलं, आणि आषाढ-श्रावणातल्या वाऱ्याने भुसा सरळ ब्लोअरच्या तोंडात. यार्डवाल्यांना ब्लोअर माहीत नाही आणि ब्लोअरवाल्यांना कोणी विचारलं नाही.

म्हणजे साखळी अशी : भुसा, हवा कमी, गंधक, तुंबलेला टॉवर, एचटूएस, आम्ल, तांबं. या साखळीच्या पार शेवटच्या कडीवर, म्हणजे तेलावर, आपण पैसे घालायला निघालो होतो.

२४ सप्टेंबर

गॅस्केट किट आणि व्हॉल्व्ह सेट पुण्यात अडकलेत. सीना नदीला पूर, सोलापूर-पुणे हायवे बंद. स्टोअरचे अण्णा म्हणाले, "एरवी पाण्यासाठी टँकर मोजायचे, आता पाण्यामुळे ट्रक मोजतंव." अर्धी माणसं गावाकडे, कोणाचं घर पाण्यात, कोणाचा ऊस. जे आलेत त्यांच्याकडून फक्त हत्यारांची यादी आणि चेन ब्लॉकची तपासणी करून घेतली.

२७ सप्टेंबर

पार्ट पोचले. इंजिन दोन बंद केलं.

गॅस लाइन तोडण्याआधीची कामं मी स्वतः उभं राहून करून घेतो. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. दोन ठिकाणी बंद, मध्ये आंधळी प्लेट, लाइन नायट्रोजनने धुवायची, मग मीटरने बघायचं. स्टार्टरच्या २४ व्होल्ट बॅटऱ्या सोडवल्या, ब्रेकर बाहेर ओढून कुलूप, चावी माझ्या खिशात.

नवीन हेल्पर मीटरची वाट न बघता नाक पुढे करून म्हणाला, "वास येईना झालाय साहेब, लाइन खाली आहे." त्याला बाजूला घेतलं. एचटूएस थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. १०० पीपीएमच्या पुढे तो नाकच बधिर करतो, वास बंद होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. शिवाय तो हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि केबल ट्रेंचमध्ये बसतो. मिथेन हलका, तो छताखाली जमतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीची वाट बघतो. म्हणून मीटर वरही धरायचा आणि खालीही. पोरगं हुशार आहे, संध्याकाळी दुसऱ्या हेल्परला हेच सांगत होतं.

२९ सप्टेंबर

वीसही हेड खाली आली. मिस्त्रींनी प्रत्येकावर नंबर पंच केला, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, पुशरॉड आपापल्या ट्रेमध्ये. मिस्त्री पूर्वी गिरणीत होते, चाळीसेक वर्षांची सवय; त्यांच्या ट्रेमधला बोल्ट दुसऱ्या ट्रेमध्ये गेलेला मी आजवर पाहिलेला नाही.

पिस्टनच्या डोक्यावर करडी राख, पण थर पातळ. कचऱ्याच्या किंवा सांडपाण्याच्या गॅसवर चालणाऱ्या इंजिनात पांढरा, काचेसारखा कडक थर सापडतो. शाम्पू-क्रीममधलं सिलिकॉन गॅसमध्ये येतं आणि जळून वाळूच होते. मळीच्या गॅसमध्ये ती पीडा जवळपास नाही, एवढं तरी सुख. लायनरवरची होनिंगची जाळी बहुतेक ठिकाणी दिसते. एक्झॉस्ट सीट मात्र सगळ्याच बसलेल्या, पाच सिलिंडरमध्ये मर्यादेच्या बाहेर.

तेलाच्या रिपोर्टवरून खालचं दार उघडून दोन बिग-एंड (कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची) बेअरिंग काढायला लावली. हे मूळ कामात नव्हतं. साहेब कुरकुरले. बेअरिंग बाहेर आली तेव्हा वरचा मऊ थर जागोजागी खाल्लेला, खालचं तांबं काळपट पडलेलं. घासल्याच्या रेघा नाहीत, म्हणजे धूळ किंवा तेलाचा कमी दाब नाही. हे आम्लाचं काम. साहेबांनी बेअरिंग हातात घेऊन उन्हात फिरवून बघितलं आणि पूर्ण सेटच्या मागणीवर सही केली. रिपोर्टमधल्या २४ या आकड्याने जे झालं नाही ते त्या काळ्या डागाने झालं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली, झेंडूची माळ उघड्या इंजिनालाही. टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेल्याचं पूजेच्या वेळीच लक्षात आलं, कारण एरवी तो पेटीतून एवढ्या निवांतपणे कोण बाहेर काढून बघतो. हळद-कुंकू लावून झाल्यावर लगेच पाठवला. आज एवढंच.

६ ऑक्टोबर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून हेड आली. नवीन सीट, नवीन गाइड. प्रत्येक पोर्टला व्हॅक्यूम लावून बघितला. दोन हेड परत पाठवली, सीट आणि व्हॉल्व्हचा संपर्क पट्टा एका बाजूला रुंद होता. तिथला कारागीर म्हणाला, चालेल, बसून जाईल. टेक्स्टाइलच्या डिझेल जनरेटरमध्ये कदाचित बसूनही जाईल, तो लाइट गेली की तासभर चालतो. हे इंजिन महिन्याला सातशे तास चालतं आणि पातळ मिश्रणावर चालतं. गॅसमध्ये डिझेलसारखी वंगणाची चिकटही नसते. बसण्याआधी जळेल.

बोल्ट टप्प्याटप्प्याने, समोरासमोरच्या जोडीने. कॅलिब्रेट झालेला रेंच आला होता. कामगारांना घाई, मला नाही.

९ ऑक्टोबर

स्क्रबर उघडला. इंजिन क्र. १ सुद्धा बंद, गॅस फ्लेअरवर. फ्लेअरकडे बघून साहेब दर तासाला फोन करतात.

टॉवरमध्ये माणूस उतरवण्याआधी हवा फिरवली, मीटरवर ऑक्सिजन २०.९, एचटूएस शून्य, दोरी आणि बाहेर पहारा. रिंगा बाहेर काढून पाण्याच्या झोताने धुतल्या. पिवळा चिखल ट्रॉलीभर. त्यात काळा गाळ दिसला की तो ओलाच ठेवायचा अशी सक्त ताकीद दिली. लोखंडी पाइप आणि एचटूएस मिळून आयर्न सल्फाइड होतं, ते कोरडं पडून हवा लागली की आपोआप पेटतं. आजूबाजूला बगॅसचे डोंगर असताना ही मजा नको.

सगळ्या रिंगा चकाचक करायच्या नाहीत, हेही समजवावं लागलं. सगळं धुऊन टाकलं तर जिवाणूही गटारात. काही रिंगा न धुता मधोमध परत टाकल्या, जुनं पाणी एका टाकीत राखून ठेवलं आणि विरजणासाठी वापरलं.

ब्लोअरचं सक्शन पाइप टाकून यार्डाच्या विरुद्ध बाजूला, भिंतीच्या वर नेलं. फिल्टरला दाबाचा फरक दाखवणारा छोटा गेज बसवला. या सगळ्या कामात हा पाइप आणि गेज मिळून खर्च सगळ्यात कमी आणि उपयोग सगळ्यात जास्त. नवीन सेन्सर लागला, शेजारी पाटी : दर सोमवारी ट्यूबने पडताळणी.

१३ ऑक्टोबर

प्लेट हीट एक्स्चेंजर उघडला. बोअरचं पाणी जड, कूलिंग टॉवरच्या बाजूला चुन्याचा थर. ॲसिडने धुतला. आत्ता जाणवत नाही, पण एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४२-४३ ला गेलं की इंटरकूलरचं पाणी थंड राहत नाही, मिश्रण गरम जातं आणि कंट्रोलर स्वतःच लोड कमी करतो. मग ऑपरेटर म्हणतात, गॅस खराब आहे.

१५ ऑक्टोबर

गॅस ट्रेनची लीक टेस्ट पास. प्री-ल्यूब पंपाने तेलाचा दाब आणला, हाताने बारिंग करून दोन फेरे फिरवलं, कुठे अडत नाही. मग स्टार्ट. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात पकडलं, १५०० आरपीएमला स्थिर. चार पोलचा अल्टरनेटर, म्हणजे ५० हर्ट्झ.

एकोणीस सिलिंडर ओळीत. सात नंबर अजूनही थंड! हेड नवं, व्हॉल्व्ह नवे, प्लग नवा. मिस्त्री माझ्याकडे बघतात, मी पडद्याकडे. सात आणि आठच्या इग्निशन कॉइल अदलाबदल केल्या. सातच थंड. कॉइल निर्दोष. मग हाय टेन्शन लीड बदलली आणि सात नंबर रांगेत आला. जुन्या लीडच्या टोपीत केसाएवढी चीर, आत काळी रेघ. स्पार्क प्लगच्या टोकाऐवजी तिथून बॉडीला जात होता. म्हणजे सात नंबरचं दुखणं वेगळंच होतं, त्याचा गंधकाशी संबंध नाही. एकाच इंजिनाची सगळी लक्षणं एकाच कारणात बसवायचा मोह होतो, आणि माझ्या डोक्यातही ती मांडणी पक्की होत आली होती.

१७ ऑक्टोबर

सिंक्रोनायझिंग, म्हणजे इंजिनाची वीज जुळवून ग्रिडला जोडणं. व्होल्टेज जुळवलं, फ्रिक्वेन्सी ग्रिडपेक्षा किंचित वर ठेवली, काटा सावकाश बाराकडे येताना ब्रेकर टाकला. किंचित वर यासाठी की जोडल्या क्षणी अल्टरनेटरने लोड उचलावा. खाली असेल तर तो ग्रिडकडून वीज ओढून मोटरसारखा इंजिनालाच फिरवतो आणि रिव्हर्स पॉवर रिले उडतो. लोड २५, ५०, ७५, १०० टक्के, प्रत्येक पायरीवर तापमानं स्थिर होईपर्यंत थांबून. क्रँककेसचा दाब एकदम खाली.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. रात्री ग्रिड गेली, दोन्ही इंजिनं ट्रिप, फ्लेअर पेटला. ऑपरेटरचा फोन, "साहेब, या फटाक्याचं काही करायचं नाही ना?" नाही म्हटलं. लाइन आल्यावर त्यानेच परत जोडली.

४ नोव्हेंबर

कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश चढतोय, गॅसही. स्क्रबरच्या आधी एचटूएस वाढलाय, नंतर पडद्यावर ११०, ट्यूबवर १२०. आता दोन्ही एकमेकांशी बोलतात. यार्डात नवीन बगॅस यायला लागला, ब्लोअरच्या गेजचा काटा जागचा हलला नाही.

इंजिन गरम झाल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत क्लिअरन्स बघितलं. एक्झॉस्टमध्ये अगदी थोडा फरक, नवीन सीट बसताना एवढा होतोच. पुढच्या दोन तपासण्यांत तो थांबायला हवा.

२१ नोव्हेंबर

दोनचा रिपोर्ट. पुन्हा ७०० तास, तेच तेल, तोच ब्रँड, फक्त गॅस धुतलेला. टीबीएन ३.८. तांबं ७. शिसं नगण्य. खरेदी विभागाला रिपोर्टची प्रत पाठवली, वर काही लिहिलं नाही.

तेल बदलायला लगेच परत १००० तासांवर उडी मारणार नाही. ९०० ला आणखी एक सॅम्पल, टीबीएन निम्म्याच्या वर राहिला तरच १०००. एका बदलीला साडेतीनशे लिटर तेल लागतं, त्यामुळे साहेबांना हा आकडा आजच हवा होता. सॅम्पल गरम तेलाचं, चालू इंजिनातून, नेहमीच्या कॉकमधूनच घ्यायचं; खालच्या तेलाच्या टाकीच्या (संप) तळातून घेतलेल्या सॅम्पलवर मी सही करणार नाही, हे लॉगबुकात लिहिलं.

२६ नोव्हेंबर

इंजिन एकची बेअरिंगही तोच आम्लाचा काळ भोगून आलीत. त्याचं ओव्हरहॉल तासांप्रमाणे पुढच्या ऑगस्टात, पण दोन बिग-एंड त्याआधी बघायचीत. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी निम्मी शिफ्ट सुट्टी मागणार आणि डिस्टिलरीही त्याच आठवड्यात सफाईसाठी थांबणार आहे. तेव्हा आठ तास मिळाले तर खालची दोन दारं उघडता येतील. बेअरिंगचा एक जादा सेट मागवला. मिस्त्रींना आत्ताच विचारून ठेवलं, ते म्हणाले, "यात्रेतल्या अक्षता झाल्या की येतंव."